दीडशे हवाई मैलांच्या आत गाडी, तरी ‘लॉग नाही’चा शेरा: शॉर्ट-हॉलच्या नेहमीच्या घोळाची दुरुस्ती

अडचण बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने समोर येते. अमेरिकेतल्या लोकल डिलिव्हरीच्या ट्रकचालकाला रस्त्यावर तपासणीसाठी बाजूला घेतात. लॉग, म्हणजे कामाच्या तासांचा रोजचा तक्ता, मागितला की तो म्हणतो, “मी शॉर्ट-हॉलवर आहे, लॉग लागत नाही.” शॉर्ट-हॉल म्हणजे जवळपास फिरून रोज परतणाऱ्या चालकाला लॉगमधून मिळणारी सवलत. डिस्पॅचरच्या, म्हणजे फेऱ्या आखून गाड्या पाठवणाऱ्याच्या, स्क्रीनवर सवलतीच्या हद्दीचं वर्तुळ काढलेला नकाशा असतो आणि गाडीचा ठिपका त्या वर्तुळाच्या आत दिसत असतो. तरीही नोंद न ठेवल्याचा शेरा बसतो. कधी शेरा रस्त्यावर बसत नाही, पण पुढे ऑडिटमध्ये हजेरीच्या नोंदी तपासल्या जातात आणि ‘या दिवशी लॉग हवा होता’ असे दिवस एकामागून एक निघत जातात.

उलटा घोळही तितकाच होतो. गाडी सवलतीत बसत असते, पण डिस्पॅचरला ती बाहेर वाटते, म्हणून तो चालकाला लॉग लिहायला लावतो. असे दिवस साठत गेले की गरज नसताना त्या गाडीत ईएलडी (लॉग आपोआप नोंदणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) बसवायची वेळ येते.

दोन्ही घोळांत पहिला संशय नकाशावर जातो, आणि नकाशात चुका असतातही. पण नकाशा फक्त एका अटीचं उत्तर देतो. नियम (अमेरिकेची संघीय नियमसंहिता, ४९ सीएफआर, कलम ३९५.१ (ई)(१)) मालवाहू ट्रकच्या चालकाकडून एकाच दिवशी या सगळ्या गोष्टी मागतो: नेहमीच्या हजेरीच्या ठिकाणापासून १५० हवाई मैलांच्या आत राहणं, त्याच ठिकाणी परत येणं, सलग १४ तासांच्या आत कामातून मोकळं होणं, दोन पाळ्यांमध्ये सलग १० तासांची सुट्टी, आणि कंपनीकडे खरी वेळनोंद. यातली एक जरी मोडली तरी त्या दिवसापुरती सवलत गेली, मग गाडी वर्तुळाच्या मध्यावर उभी असली तरी. म्हणून शेरा आला की आधी घड्याळ बघा, मग परतीचं ठिकाण, मग वेळनोंद, आणि शेवटी वर्तुळाची कड. बहुतेक जण नेमके कडेपासून सुरू करतात आणि तासभर झूम करत बसतात.

तरी आधी नकाशाचं निस्तरू, कारण तो एकदा बरोबर केला की पुन्हा हात लावावा लागत नाही.

हवाई मैल म्हणजे साधा मैल नव्हे

नियमातला ‘एअर माइल’ म्हणजे नॉटिकल मैल, सागरी मैल. तो १.८५२ किलोमीटरचा, आणि अमेरिकी रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. म्हणजे १५० हवाई मैल = १७२.६ साधे मैल = २७७.८ किलोमीटर, आणि तेही सरळ रेषेत, पक्षी उडेल तसे. ओडोमीटरचा इथे काही संबंध नाही.

त्रिज्येच्या रकान्यात १५० टाकलं आणि एकक ‘मैल’च राहिलं, तर प्रत्येक दिशेला २२.६ मैल हातचे गेले. हा उलट्या घोळाचा सगळ्यात मोठा उगम. एकक बदलता येत नसेल तर १७२.६ लिहा. दशांश चालत नसेल तर १७२ लिहा, १७३ नको. १७३ साधे मैल म्हणजे १५०.३ हवाई मैल, आणि वरचा ०.३ मैल नियमाबाहेरचा.

एक जुनं दुखणंही तपासा. २९ सप्टेंबर २०२० पूर्वी ही मर्यादा १०० हवाई मैल आणि १२ तास होती. त्या काळात काढलेली ११५ मैलांची (१८५ किलोमीटरची) वर्तुळं अजून काही ट्रॅकिंग सॉफ्टवेअरमध्ये जिओफेन्स (गाडीने ओलांडली की इशारा देणारी हद्द) म्हणून तशीच पडून असतात. नाव मात्र ‘शॉर्ट-हॉल’च असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

रस्त्याच्या अंतराने किती फसायला होतं ते एका उदाहरणात दिसेल. इलिनॉयमधल्या जोलिएटला यार्ड, म्हणजे गाड्यांचा तळ, आहे असं धरा. इंडियानापोलिस तिथून रस्त्याने १८० मैलांहून लांब; आयोवा सिटीही साधारण तेवढंच, थोडं पुढे. डिस्पॅचर दोन्हींना एकच न्याय लावतो: १७२.६ च्या वर, म्हणजे बाहेर. प्रत्यक्षात इंडियानापोलिसचा मध्यभाग हवाई रेषेने सुमारे १३७ नॉटिकल मैलांवर आहे, म्हणजे निवांत आत. आयोवा सिटी सुमारे १५५ वर, म्हणजे बाहेर. तिकडे जाणारा इंटरस्टेट ८० जवळजवळ सरळ पश्चिमेला धावतो, त्यामुळे रस्त्याचं आणि हवेचं अंतर फारसं वेगळं पडत नाही. इंडियानापोलिसला मात्र आधी पूर्वेला आणि मग दक्षिणेला असा काटकोन करून जावं लागतं. ग्रँड रॅपिड्सचंही तसंच. मध्ये मिशिगन सरोवर आहे, ट्रक त्याला वळसा घालून जातो. हवाई रेषा पाण्यावरून सरळ जाते आणि १३८ च्या आसपास भरते.

म्हणून ‘ड्रायव्हिंग रेडियस’ किंवा ‘इतक्या मिनिटांत कुठवर पोचता येईल’ असे वेडेवाकडे आकार काढणारी साधनं या कामाला घेऊ नका. ती विक्रीचा इलाका ठरवायला चांगली.

केंद्रबिंदू कुठे टोचला आहे?

वर्तुळाचा मध्य म्हणजे चालक रोज जिथे हजर होतो ती जागा. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय, मालकाचं घर किंवा सॉफ्टवेअरने पत्त्यावरून ठरवलेला ठिपका या कामाचा नाही. नुसता झिप कोड (अमेरिकी पिन कोड) टाकला तर बरीच साधनं त्या झिपच्या क्षेत्राचा मध्य धरतात, आणि मोठ्या झिपमध्ये तो खऱ्या फाटकापासून काही मैल दूर पडू शकतो. शहराचं नाव टाकलं तर आणखी वाईट. उपग्रहचित्र उघडा, यार्डाचं फाटक शोधा, त्यावर उजवी क्लिक करून अक्षांश-रेखांश घ्या आणि दशांशानंतर पाच आकडे ठेवा. पाच आकड्यांत एक-सव्वा मीटरचा फरक राहतो, तो पुरेसा आहे.

दोन यार्ड असतील तर दोन वर्तुळं लागतात, आणि प्रत्येक चालकाच्या नावापुढे त्याचं वर्तुळ. सगळ्यांसाठी एकच नकाशा भिंतीवर लावणं हा घोळाचा हमखास रस्ता. जोलिएटऐवजी रॉकफर्डच्या यार्डात हजर होणाऱ्या चालकाला आयोवा सिटी ११५ हवाई मैलांवर, म्हणजे आत. इंडियानापोलिस २०० वर, म्हणजे पार बाहेर. नेमकं उलटं चित्र.

आता खरी गंमत. दोन वर्तुळं एकमेकांत मिसळतात म्हणून काहींना वाटतं, चालक सकाळी जोलिएटहून निघाला आणि रात्री रॉकफर्डला गाडी लावून मोकळा झाला तरी चालेल, सगळा प्रवास तर आतच होता. चालत नाही. ज्या ठिकाणी हजर झाला तिथेच परत यायला हवं. हजेरीचं ठिकाण अधूनमधून बदलायला कंपनीला मुभा आहे, पण ज्या दिवशी जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी जायचं त्या दिवसाचा लॉग लिहावाच लागतो. दुसऱ्या दिवसापासून नवं वर्तुळ लागू. मुक्कामाचंही तसंच: मोटेल यार्डापासून ४० मैलांवर असलं तरी तिथे रात्र काढली म्हणजे परत येणं झालं नाही.

वर्तुळ काढताना होणाऱ्या तीन चुका

पहिली आणि मोठी चूक प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. वेबवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटरमध्ये असतात. त्या प्रोजेक्शनमधला ‘मीटर’ विषुववृत्तावरच खरा असतो. उत्तरेकडे सरकलं की तो ताणला जातो. क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदूचा थर वेब मर्केटरमध्येच ठेवून २,७७,८०० मीटरचा बफर (बिंदूभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ) काढला, तर जोलिएटच्या ४१.५ अंश अक्षांशावर जमिनीवरची खरी त्रिज्या साधारण २०८ किलोमीटरच भरते. सत्तर किलोमीटर गेले! थर साध्या अक्षांश-रेखांशात असेल तर बफर अंशांत मागितला जातो, तिथे २.५ अंश टाकले की पूर्व-पश्चिमेला आखडलेला लंबगोल मिळतो.

दुरुस्ती: थराचं रूपांतर अझिमथल इक्विडिस्टंट प्रोजेक्शनमध्ये करा आणि त्या प्रोजेक्शनचा मध्य यार्डाच्या अक्षांश-रेखांशावरच ठेवा. मध्यापासूनची सगळी अंतरं त्यात खरी राहतात, म्हणून २,७७,८०० मीटरचा बफर नेमका येतो. मग तो परत अक्षांश-रेखांशात आणून केएमएल (नकाशाची फाइल) म्हणून जतन करा.

दुसरी चूक बारीक आहे आणि सहसा लक्षात येत नाही. बफरच्या खिडकीत ‘सेगमेंट’ नावाचा रकाना असतो आणि त्यात आधीपासून ५ असतं. म्हणजे पाव वर्तुळाला पाच सरळ बाजू, पूर्ण वर्तुळाला वीस. लांबून ते गोल दिसतं, पण तो वीसकोन आहे. प्रत्येक बाजूच्या मधोमध कड खऱ्या वर्तुळापेक्षा ३.४ किलोमीटर आत येते, म्हणजे दोन मैलांहून जास्त. तिथे ५० टाका. फरक ३५ मीटरच्या आसपास उतरतो.

तिसरी चूक डोळ्यांची. बरोबर काढलेलं एवढं मोठं वर्तुळ वेब नकाशावर किंचित वेडं दिसतं. यार्डाचा ठिपका बरोबर मध्यावर वाटत नाही, थोडा खाली सरकल्यासारखा दिसतो, कारण वरचा भाग जास्त ताणलेला असतो. जोलिएटसाठी वरचं अंतर खालच्यापेक्षा साधारण ४ टक्क्यांनी मोठं दिसतं. हे बघून काही जण वर्तुळ ‘सरळ’ करायला जातात. हात लावू नका. उलट, सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमधला गोल आकार स्क्रीनशॉटवर चिकटवून बनवलेला नकाशा दिसायला अगदी गोल असतो, आणि म्हणूनच चूक असतो.

हे सगळं जड वाटत असेल तर गूगल अर्थ प्रो घ्या. त्याच्या मोजपट्टीत वर्तुळाचा टॅब आहे. एकक नॉटिकल मैल करा, फाटकावर क्लिक करा, त्रिज्या १५० दिसेपर्यंत ओढा, जतन करा. हात थोडा हलतो, म्हणून १४९.८ वर थांबलात तरी हरकत नाही, १५०.२ वर थांबू नका. साधन कोणतंही असो, झाल्यावर एक चाचणी घ्या: फाटकापासून उत्तरेच्या कडेपर्यंत आणि पूर्वेच्या कडेपर्यंत मोजपट्टी धरा. दोन्हीकडे १७२.६ साधे मैल आले पाहिजेत. एकीकडे आले आणि दुसरीकडे नाही, तर प्रोजेक्शन चुकलं आहे.

कडेवरचे ग्राहक नकाशावर बघू नका, मोजा

झूम करून ‘रेष गोदामाच्या या बाजूने जाते की त्या’ हे ठरवणं म्हणजे डोळे बिघडवून घेणं. ग्राहकांची यादी तक्त्यात घ्या, प्रत्येकाच्या माल उतरवायच्या दाराचे अक्षांश-रेखांश भरा आणि हॅव्हरसाइन सूत्राने (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर देणाऱ्या) यार्डापासूनचं अंतर काढा. पृथ्वीची त्रिज्या ३,४४० नॉटिकल मैल धरली की उत्तर थेट हवाई मैलांत मिळतं. अंश रेडियनमध्ये बदलायला विसरू नका. तक्त्यातलं उत्तर हजारांत आलं तर समजा तेच विसरलंय.

हे सूत्र पृथ्वी पूर्ण गोल मानतं, त्यामुळे १५० मैलांवर अर्ध्या-पाऊण मैलाचा फरक पडू शकतो. म्हणून १४९ ते १५१ च्या पट्ट्यातले पत्ते लंबगोल पृथ्वी धरणाऱ्या मोजपट्टीने पुन्हा तपासा. आमचं मत विचाराल तर १४५ च्या पुढचा प्रत्येक ग्राहक पिवळ्या रंगात टाका. कारण गाडी फक्त दारापर्यंत जात नाही. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला ग्रीनवुड सुमारे १४६ वर आहे, आत. त्याच रस्त्याने पुढचं फ्रँकलिन सुमारे १५४ वर, बाहेर. ग्रीनवुडला माल उतरवून डिझेलसाठी किंवा ट्रक पार्किंगसाठी दहा-बारा मैल खाली उतरलं की संपलं. नियम डिलिव्हरीच्या पत्त्याकडे बघत नाही, गाडी कुठवर गेली ते बघतो. वळसा, बंद रस्ता, चुकलेला एक्झिट, सगळं त्यात आलं.

म्हणून जिओफेन्सचा इशारा १५० वर ठेवू नका. तिथे तो वाजतो तेव्हा सवलत गेलेली असते. १४० ला एक आणि १४७ ला दुसरा लावा, आणि दुसरा वाजला की डिस्पॅचने फोन करायचा असं ठरवून टाका.

घड्याळ: खरं दुखणं इथे

वर्तुळ कितीही सुबक असो, शेरे बहुतेक या पायी बसतात. १४ तास सलग मोजले जातात. जेवण, ग्राहकाच्या फाटकावर दोन तास ताटकळणं, मधली डुलकी, यातलं काहीही घड्याळ थांबवत नाही. आणि मोजणी गाडी सुरू झाल्यापासून होत नाही, हजर झाल्यापासून होते. आणि गाडी थांबेपर्यंत होत नाही, कामातून मोकळं होईपर्यंत होते.

संध्याकाळचा एक अर्धा तास जवळून बघा. चालक सकाळी ५:३० ला हजर झाला, म्हणजे शेवटची वेळ संध्याकाळी ७:३०. ट्रॅकिंग सांगतं, गाडी ७:१४ ला फाटकातून आत आली. डिस्पॅचर खूश. मग ट्रेलर मागे घेऊन लावणं सहा मिनिटं, फेरीनंतरची तपासणी आणि तिचा कागद आठ मिनिटं, पावत्या खिडकीत देणं पाच मिनिटं. पंच, म्हणजे मोकळं झाल्याची हजेरीनोंद, पडला ७:३३ ला. तीन मिनिटांनी सवलत गेली, पूर्ण दिवसाचा लॉग हवा होता, आणि तो कुणीही लिहिलेला नाही. ऑडिटर जीपीएस बघायच्या आधी पंच बघतो.

त्यावर उपाय म्हणून पंच ७:२९ चा करून घेणं हा उपाय नाही, ती खोटी नोंद आहे, आणि डिझेलची पावती किंवा गेटचा कॅमेरा ती उघडी पाडतो. उपाय वेळापत्रकात आहे: आखणी १४ तासांची करू नका, साडेतेराची करा. हजेरी ५:३० असेल तर फाटकात परतायची वेळ ६:४५ धरा. त्यात बसत नाही असा मार्ग सवलतीत बसतच नाही. त्याला सकाळीच लॉग लावा आणि मोकळे व्हा.

या १४ तासांत गाडी चालवण्याचे ११ तासच राहतात, आणि ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तासांची मर्यादाही तशीच लागू असते. शॉर्ट-हॉलमुळे लॉगचा तक्ता आणि ८ तास चालवल्यानंतरचा अर्ध्या तासाचा सक्तीचा थांबा एवढंच सुटतं. ‘शॉर्ट-हॉल म्हणजे तासांचे नियम नाहीत’ हा समज चालकांमध्ये पसरलेला आहे, आणि दुर्दैवाने काही डिस्पॅचरांमध्येही.

दिवस मोडला तर काय करायचं

दुपारी दोनला कळलं की आज बाहेर जावं लागणार, किंवा रस्ता बंद असल्याने साडेसातच्या आत परतणं अशक्य आहे. त्या क्षणी:

१. चालकाने त्या दिवसाचा लॉग लिहायला लगेच घ्यायचा. उद्या नाही, यार्डात आल्यावर नाही.

२. लॉग दोन वाजल्यापासून सुरू करायचा नाही. सकाळच्या हजेरीपासूनचा सगळा दिवस आठवून मागे जाऊन भरायचा: कधी चालवलं, कधी उतरवलं, कधी थांबलो. यामागचं कारण सरळ आहे, नाहीतर आधीचे तास गायब होतील आणि चालक नव्याने अकरा तास मागेल.

३. ८ तास चालवून झाले असतील आणि अर्धा तास थांबलेला नसेल, तर तो नियमभंग धरला जात नाही, पण दोन गोष्टी करायच्या: थांबा आधी का घेतला नाही हे लॉगवर एका ओळीत लिहायचं, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबा घ्यायचा.

४. मागच्या सात दिवसांचे लॉग सोबत असण्याची गरज नाही, कारण ते दिवस सवलतीतले होते. तपासनीसाने मागितले तर हेच शांतपणे सांगायचं. पुढचे सात दिवस लॉग चालू ठेवायचीही गरज नाही.

यासाठी प्रत्येक केबिनमध्ये कोऱ्या लॉगची वही हवी. स्वस्तातला हा एक उपाय अर्धे शेरे वाचवेल, आणि नेमकी हीच वही गाडीत नसते. चालकाला ती भरता येते का, हे वर्षातून एकदा बसवून बघा. जो पाच वर्षं शॉर्ट-हॉलवर आहे त्याच्या हाताला चौकटीच्या रेषांची सवय राहिलेली नसते.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरा. सात दिवसांत एकदा मिळणारी १६ तासांची सूट (३९५.१ (ओ)) वेगळी आहे. ती घेतलेला दिवस १४ तासांपलीकडे जातो, म्हणून त्या दिवशी लॉग लागतोच.

तीस दिवसांतले आठ

कागदी लॉग किती वेळा चालेल? कोणत्याही ३० दिवसांत ८ दिवसांपर्यंत. नववा दिवस आला की ईएलडी. इथे तीन ठिकाणी गणित चुकतं. काही जण कॅलेंडरचा महिना धरतात आणि १ तारखेला मोजणी शून्यावर आणतात. खिडकी रोज पुढे सरकते. काही जण ट्रकनुसार मोजतात. मोजणी चालकानुसार आहे. आणि काही जण फक्त त्रिज्येबाहेर गेलेले दिवस मोजतात, १४ तास ओलांडलेले दिवस सोडून देतात.

तक्त्यात चालकाच्या नावापुढे रोजचा एक रकाना ठेवा, लॉग लागला तर १, नाही तर ०. शेवटच्या ३० रकान्यांची बेरीज रोज सकाळी बघा. लॉगचे दिवस ३, ७, १०, १२, १८, २१, २४ आणि २७ असतील तर बेरीज आठ. २९ व्या दिवशी लांबची फेरी आली तर ती ईएलडी असलेल्या गाडीला आणि ते वापरणाऱ्या चालकाला द्या. ३३ व्या दिवशी खिडकी ४ ते ३३ होते, तिसरा दिवस गळतो, बेरीज सातवर येते. बेरीज सहा झाली की रकाना लाल व्हायला हवा.

सुरुवातीला सांगितलेला उलटा घोळ इथे महाग पडतो. साध्या मैलांच्या वर्तुळामुळे इंडियानापोलिसच्या प्रत्येक फेरीला लॉग लिहिला जातो, आणि आठवड्याला दोन फेऱ्या असल्या तरी महिनाभरात आठाचा कोटा गरज नसताना संपतो.

वेळनोंदीत काय असावं

हजर झाल्याची वेळ, मोकळं झाल्याची वेळ, दिवसाचे एकूण तास. चालक नवा असेल किंवा अधूनमधूनच चालवत असेल तर मागच्या ७ दिवसांचे एकूण तासही. प्रत्येक तारखेला, चालकाच्या नावाने, सहा महिने जपून. ‘५:१२ हजर, १८:४७ मोकळा, १३ तास ३५ मिनिटं’ अशी ओळ चांगली. सलग तीन महिने ‘५ ते ७’ अशी ओळ म्हणजे ऑडिटरला आमंत्रण. नुसते ‘एकूण १३ तास’ लिहून पगार निघतो, सवलत मिळत नाही. ही नोंद गाडीत ठेवायची सक्ती नाही, कंपनीकडे हवी. पण चालकाला हजेरीचं ठिकाण आणि आजची हजेरीची वेळ न अडखळता सांगता आली पाहिजे.

पुण्यात किंवा नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या गाड्यांचं डिस्पॅच आणि नोंदींचं काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जपायची: डॅशबोर्डची वेळ. उन्हाळ्यात जोलिएट भारतापेक्षा साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. उन्हाळ्यात सकाळी ५:३० ची हजेरी इथल्या घड्याळात दुपारी ४ ला पडते आणि संध्याकाळी ७ चा पंच दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३० ला. डॅशबोर्ड भारतीय वेळेवर असेल तर एकाच पाळीचे दोन तारखांत तुकडे होतात, १४ तासांचा इशारा वाजत नाही आणि तीस दिवसांची मोजणीही घसरते. नोंदीचं घड्याळ यार्डाच्या वेळेवर ठेवा. चालकाच्या फोनवरून पंच घेत असाल तर फोनची आपोआप बदलणारी वेळ विसरू नका. इंडियानापोलिस जोलिएटच्या एक तास पुढे आहे.

दिसायला सारखी, पण वेगळी वर्तुळं

सीडीएल (अवजड वाहनांचा व्यावसायिक परवाना) लागत नाही अशा गाड्यांना, उदाहरणार्थ १०,००१ पौंडांपासून २६,००० पौंडांपर्यंतच्या बॉक्स ट्रकना, पोटकलम (ई)(२) आहे. त्रिज्या तीच १५०, पाळीच्या शेवटी परतणंही तसंच, पण ७ दिवसांतले ५ दिवस १४ व्या तासापर्यंत आणि २ दिवस १६ व्या तासापर्यंत चालवता येतं. सीडीएलवाल्या चालकाला हे दोन दिवस देऊन ठेवणं ही नेहमीची चूक. तसंच, या दोन दिवसांवर (ओ) ची १६ तासांची सूट चढवता येत नाही.

शेतमालाची सवलत (३९५.१ (के)) हीही १५० हवाई मैलांची, पण तिचा मध्य यार्ड नसून माल जिथून उचलला ते ठिकाण असतं. शेत किंवा गोदाम बदललं की वर्तुळ बदलतं. एका फेरीत अनेक ठिकाणांहून माल भरला तर पहिल्या ठिकाणावरून मोजतात. ही सवलत राज्याने ठरवलेल्या पेरणी-कापणीच्या हंगामापुरतीच असते. तिचा थर नकाशावर वेगळ्या रंगात आणि वेगळ्या नावाने ठेवा.

फेरी राज्याबाहेर जात नसेल आणि माल त्या राज्यातलाच असेल, तर राज्याचे स्वतःचे नियम लागू शकतात. ते आकडे आधी तपासून मगच वर्तुळ काढा. आणि कॅनडात, जिथे ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे या धंद्यात आता आपलीही माणसं आहेत, संघराज्याच्या नियमात त्रिज्या होम टर्मिनलपासून १६० किलोमीटर आहे. तिथे नॉटिकल मैलांची भानगड नाही. अमेरिकेच्या नकाशातलं वर्तुळ उचलून तिथे ठेवलं तर ते जवळजवळ ११८ किलोमीटरने मोठं पडेल.